बाबांच्या वर्गाची सोडत

बाबांचा रविवारचा वर्ग बंद पडायची वेळ माझ्यामुळे आली, असं बाबा अजूनही सांगतात. तो बंद पडला नाही तोही माझ्यामुळेच, असं मी सांगते. आई म्हणते, दोघंही थापा मारतात, वर्ग वाचला तो तिच्या पोह्यांमुळे. तेव्हा जे घडलं ते सांगते आणि निवाडा तुम्हीच करा, कारण आमच्या घरात आजवर कुठल्याच गोष्टीचा निवाडा झालेला नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही यमुनेपलीकडे, नोएडातल्या एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला आलो. तिथे सगळंच ताजं होतं, अगदी भिंतीचा रंगसुद्धा हाताला लागायचा. पुढच्या बाल्कनीतून सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, पिवळं शेत दिसायचं आणि मागच्या बाल्कनीतून कुठल्याशा परदेशी कंपनीची काचेची इमारत वर चढताना दिसायची. टेलिफोन अर्ज केल्याबरोबर मिळाला, तर बाबांना आनंद व्हायच्या ऐवजी संशय आला. लक्ष्मीबाई नगरात त्यांनी त्यासाठी इतकी वर्षं काढली होती की वाट न बघता मिळालेली वस्तू त्यांना खरीच वाटेना.

सोसायटीतले निम्मे फ्लॅट रिकामे होते. लोकांनी ते राहायला नव्हे, भाव चढेल म्हणून घेऊन ठेवले होते. त्यातले बरेच मराठी मालकांचे. बंद घरात कबुतरं नांदतात, त्यापेक्षा आपली पोरं बरी, असा विचार करून त्यांनी ते फ्लॅट महाराष्ट्रातून यूपीएससीच्या तयारीला आलेल्या मुलामुलींना स्वस्तात दिले. नगरची, बीडची, यवतमाळची, सोलापूरची पोरं. सकाळी चार्टर्ड बसने दिल्लीतल्या लायब्ररीत जायची, संध्याकाळी परतायची, एकत्र स्वयंपाक करायची. राज्यघटना तोंडपाठ, पण समोर चार माणसं बसवून बोला म्हटलं की घशाला कोरड पडायची. घरी मराठी, बाहेर हिंदी, पुस्तकात इंग्रजी, आणि ऐन वेळी तिन्ही भाषा एकदम सोडून जायच्या.

बाबांना काम हवं होतं आणि ते त्यांच्या दारातच उभं होतं. सोसायटीच्या कम्युनिटी रूममध्ये दर रविवारी सकाळी त्यांनी बोलण्याचा वर्ग सुरू केला. नियम साधा. प्रत्येकाने उभं राहायचं, दिलेल्या विषयावर दोन मिनिटांत बोलायचं, बाकीच्यांनी त्याच्यावर प्रश्नांचा मारा करायचा. दोन मिनिटांच्या वर गेलं की बाबा टेबलावर घड्याळ आपटायचे. हा नियम फक्त एकाच माणसाला लागू नव्हता, ते कोण हे सांगायला नको.

बाबांची सगळी हयात फायलींवर टिपणं लिहिण्यात गेली. त्यामुळे ‘या प्रश्नाला तीन बाजू आहेत’ हे त्यांचं पालुपद. पहिली बाजू ते अंगठा धरून सांगायचे, दुसरी तर्जनी धरून, आणि दुसरी सांगता सांगता त्यांना तिचाच इतका राग यायचा की तिसरीपर्यंत गाडी कधी पोचलीच नाही. लक्ष्मीबाई नगरात असताना आई म्हणायची, तिसरी बाजू बहुतेक पेन्शनबरोबर मिळणार असेल. पेन्शन सुरू झाली, तिसरी बाजू काही आली नाही.

पण वर्गाने बाबा पुन्हा तरुण झाले, हे मात्र मी शपथेवर सांगेन. शनिवारीच दाढी करायचे, सदरा इस्त्रीला टाकायचे, आईला पोह्यांची आठवण करून द्यायचे. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने हा माणूस सोसायटीच्या चौकीदाराशी भांडण्यापलीकडे काही करत नव्हता. आता त्याला रविवार होता.

खोलीचं भाडं, खुर्च्या आणि पोहे यांचा खर्च नोएडातलं आमचं नवं मराठी मंडळ उचलायचं. मंडळाचे अध्यक्ष अशाच एका परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. रविवारीसुद्धा शर्ट पँटीत खोचलेला, आणि बोलण्यात आउटपुट आणि टार्गेट. माणूस वाईट नव्हता, फक्त कशालाही ‘का’ विचारायचा. त्या वर्षी पुढच्या गणपतीला मुंबईहून ऑर्केस्ट्रा आणायचं काही लोकांच्या मनात आलं, पैसे कुठून काढायचे हा प्रश्न निघाला आणि सगळ्यांच्या नजरा वर्गाकडे वळल्या. अध्यक्षांनी बाबांना विचारलं की या वर्गाचा उपयोग होतो कशावरून?

बाबांचा पारा चढला. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणाले. गेल्या वर्षीचा यवतमाळचा मुलगा निवडला गेला की नाही? त्यावर अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “साहेब, तो हुशारच होता. वर्ग नसता तरी झाला असता.”

त्या दिवशी बाबा घरी आले ते तडतडत. आणि मी, त्यांची पोटची पोर, म्हणाले की अध्यक्षांचा प्रश्न बिल्कुल बरोबर आहे. आईने हातातली परात खाली ठेवली, कारण आता तिची गरज मध्यस्थ म्हणून होती.

माझा नाइलाज होता. मी तेव्हा दक्षिण दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत कामाला होते आणि हाच प्रश्न वस्तीवस्तीतून विचारत फिरणं हीच माझी नोकरी होती. सरकार शाळेत एक जादा बाई नेमतं, दवाखान्यात फुकट गोळ्या वाटतं आणि वर्षाने म्हणतं, बघा, सुधारणा झाली. पण ती त्या बाईंमुळे झाली की नाहीतरी होणारच होती? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळा घेऊन जातो. आईचा काढाच घ्या. काढा घेतला की सर्दी आठवड्यात बरी होते आणि नाही घेतला तर सात दिवस लागतात, तरी आईचा काढ्यावरचा विश्वास काही ढळत नाही. खरं जाणून घ्यायचं असेल तर मार्ग एकच. इच्छुकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निघतील त्या निम्म्यांना काढा द्यायचा, उरलेल्यांना नाही, आणि मग दोन्हीकडे काय झालं ते बघायचं. निवड माणसावर सोपवायची नाही, कारण माणूस हुशार पोराला घेतो, नाहीतर ओळखीच्याला, नाहीतर बिचाऱ्याला. चिठ्ठी कुणाची ओळख ठेवत नाही.

दिल्लीकरांना हे पटवून द्यायला फार कष्ट पडत नाहीत. इथे सरकारी घर सोडतीत लागतं, प्लॉट सोडतीत लागतो, आमचा चौथा मजलासुद्धा सोसायटीच्या सोडतीतच निघाला होता आणि आईचे गुडघे ते अजून विसरलेले नाहीत. शिवाय वर्गात जागेची मारामारी होतीच. प्रत्येकाला उभं करून बोलायला लावायचं तर निम्मीच पोरं मावायची, आणि ती निम्मी बाबा चेहरा बघून निवडायचे, त्यावरून नगरवाले आणि सोलापूरवाले कुरकुरायचे. मी सुचवलं, सोडत काढा. ज्यांची चिठ्ठी निघेल ती वर्गात. ज्यांची निघणार नाही त्यांना पुढच्या वर्षी पहिला मान. होळीच्या आधी सगळ्यांची खोटी मुलाखत घ्यायची, आणि घेणाऱ्यांना कोण वर्गात होतं आणि कोण नव्हतं याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

अध्यक्ष खूश. फरक दिसला तर वर्ग चालू, नाही दिसला तर ऑर्केस्ट्रा, असं ठरलं. मला वाटलं, बाबा घर डोक्यावर घेतील. पण बाबांना स्वतःवर इतका भरवसा होता की ते छातीवर हात ठेवून म्हणाले, फरक आंधळ्यालाही दिसेल. हात दाखवून अवलक्षण, असं आई पुटपुटली, ते तेव्हा कुणी ऐकलं नाही.

सोडतीला आईने पुरणाचं मोठं पातेलं आणलं. चिठ्ठ्या तीच काढणार होती. अध्यक्षांना पारदर्शकतेची भारी हौस, म्हणून त्यांनी बाबांचा मफलर आईच्या डोळ्यांवर बांधला. मंडळाच्या इतिहासात इतकी गर्दी झालेला तो पहिला कार्यक्रम. एकेक नाव निघत गेलं, टाळ्या पडत गेल्या, आणि शेवटची चिठ्ठी निघाली तेव्हा बाबांचं तोंड उतरलं. बीडच्या मुलीचं नाव आलं नव्हतं.

ही मुलगी अभ्यासात सगळ्यांत पुढे होती, पण आवाज असा की समोरच्या माणसाला कानामागे हात धरावा लागायचा. बाबांशी जिन्यात भेट झाली की ती काहीतरी बोलायची आणि बाबा “काय? काय?” करत राहायचे. तिला वर्गात घ्यायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी मला फैलावर घेतलं. सगळ्यांत जास्त गरज तिला आहे, हे तुझ्या शास्त्राला कळत नाही का? मी म्हटलं, गरज बघून घ्यायला लागलो की सोडतीला अर्थ काय राहिला? बाबा म्हणाले, तुझ्या शास्त्राला डोळे नाहीत. मी म्हटलं, म्हणून तर आईच्या डोळ्यांवर मफलर होता. त्यानंतर दोन्ही बाजूंनी बरंच काही बोललं गेलं. आईने शेवटी दोघांच्या ताटात भात वाढला आणि जाहीर केलं की जेवताना जो बोलेल त्याला आमटी मिळणार नाही.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या फ्लॅटवर गेले, तिला सगळं समजावून सांगायला. ती मैत्रिणींबरोबर लसूण सोलत बसली होती. माझं सारं व्याख्यान तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी नंबरानं येतं. आपला नंबर नाही लागला तर शेजारणीच्या घागरीतलं घ्यायचं. त्यात काय एवढं?”

किती समजूतदार पोरगी, असं म्हणत मी जिना उतरले. ती मला काय सांगत होती, ते मला होळी जवळ आली तेव्हा कळलं.

तो हिवाळा मला आठवतो तो उन्हासाठी. सकाळी असं धुकं पडायचं की काचेची इमारत, सरसोंचं शेत आणि चौकीदार सगळं एकदम गायब. पण रविवारी दुपारी सूर्य बाहेर यायचा आणि सारी सोसायटी उन्हात येऊन पडायची. समोरच्या बुटक्या इमारतीच्या गच्चीवर आमची मराठी पोरं पानिपतच्या सतरंज्या अंथरून बसायची. संत्री सोलायची, मटार सोलायची, भुईमुगाच्या शेंगा फोडायची. वर्गातली आणि वर्गाबाहेरची सगळी एकत्रच. हसण्याचा असा कल्ला चालायचा की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. आई सकाळचे पोहे मुद्दाम जास्त करायची आणि उरलेले त्या गच्चीवर पाठवून द्यायची. कधी खिडकीतून पाहिलं तर कुणीतरी मफलर गुंडाळून मधे उभं असायचं. थंडीच तशी होती. परक्या गावात आपली मुलं अशी मिळूनमिसळून राहतात, हे बघून मला फार बरं वाटायचं, आणि मी पुन्हा माझ्या आकडेमोडीकडे वळायचे.

बाबांचा वर्ग त्या हिवाळ्यात रंगला तसा कधीच रंगला नव्हता. कोणत्या मुलाने काय उत्तर दिलं, कोणाची भीड चेपली, हे ते रोज जेवताना सांगायचे. माझ्याकडे बघून म्हणायचे, लिहून ठेव, फरक पडतोय. मी म्हणायचे, बाबा, होळीपर्यंत थांबा.

खोट्या मुलाखतीच्या दिवशी खोलीत अध्यक्ष आणि दिल्लीहून आलेले दोन पाहुणे बसले. अध्यक्ष सोडतीला हजर होते, म्हणून त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, गुण पाहुण्यांनी द्यायचे. मी दाराबाहेर, एकेकाला आत सोडायला. बाबांना तर इमारतीतच थांबायला बंदी होती, म्हणून ते पिशवी घेऊन भाजी आणायला गेले. दिवसभरात चार वेळा गेले. आमच्याकडे पुढचे आठ दिवस फ्लॉवर संपेना.

मग मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर गुण चढवले. एकीकडे वर्गातली, दुसरीकडे वर्गाबाहेरची. दोन सरासऱ्या आल्या आणि त्या सख्ख्या बहिणींसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझ्या वरिष्ठ बाई मागून डोकावल्या आणि म्हणाल्या की शून्य हेही उत्तरच असतं. एरवी हे वाक्य मी स्वतः दहा जणांना ऐकवलं असतं. पण यमुनेच्या पुलावर चार्टर्ड बस अडकली, खिडकीबाहेर संध्याकाळ होत गेली, आणि मला बाबांचा शनिवारचा दाढी केलेला चेहरा दिसायला लागला.

घरी बाबा वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसले होते. मी चप्पलही न काढता सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, “बिल्कुल काही फरक नाही?” मी मान हलवली. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि म्हणाले, बरं. आकडे खोटं बोलत नाहीत, तूच सांगतेस.

एवढंच. ना आवाज चढला, ना घड्याळ आपटलं. आई घाबरून म्हणाली, अहो, ओरडा तरी थोडं. ते ओरडले नाहीत. शनिवारी दाढी केली नाही. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, आणि सोडतीची कल्पना जिने काढली त्या बाईला, म्हणजे मलाच, मनसोक्त शिव्या घातल्या.

रविवारी मंडळाची सभा भरली. पुढे आम्ही मंडळी, मागे सतरंजीवर सगळी मुलं. बाबा दाढी न करता, मफलर गळ्यात घालून कडेच्या खुर्चीवर बसले. अध्यक्षांनी बाबांच्या कष्टांचं मनापासून कौतुक केलं, निकाल वाचून दाखवला आणि आता काय करायचं ते आपण ठरवलेलंच आहे, असं म्हणाले. ऑर्केस्ट्रावालेसुद्धा बुटांकडे बघत होते. वातावरण हलकं करायला अध्यक्ष हसून म्हणाले:

“मुलं चांगली बोलली हो सगळीच. फक्त एक गंमत सांगतो. खतांची सबसिडी विचारा, परदेशी कंपन्या विचारा, प्रत्येक जण म्हणतो, या प्रश्नाला तीन बाजू आहेत. आणि सांगतो दोनच. हे कुठल्या गाइडमध्ये छापलंय?”

पहिली आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग मी ताडकन उठून उभी राहिले.

प्रत्येक जण म्हणजे? मी विचारलं. सगळे? अध्यक्ष म्हणाले, जवळजवळ सगळेच, आणि असा अंगठा धरून. त्यांनी करून दाखवलं. मी मागे वळून बघितलं. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नव्हत्या ती सारी पोरं सतरंजीची वीण निरखत होती. बाबांच्या वर्गात जी एक दिवसही बसली नव्हती, ती बाबांचा अंगठा धरून बोलत होती, बाबांची तर्जनी धरून बोलत होती, आणि बाबांची तिसरी बाजूसुद्धा त्यांनी इमानेइतबारे बाबांसारखीच विसरून दाखवली होती.

कोण सांगतंय, मी दरडावून विचारलं. बीडची मुलगी उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं. सकाळी वर्ग झाला की दुपारी गच्चीवर तोच वर्ग पुन्हा भरायचा. आत गेलेल्यांनी बाहेर राहिलेल्यांना सगळं जसंच्या तसं करून दाखवायचं, त्यांनाही उभं करायचं, त्यांच्यावरही प्रश्नांचा मारा करायचा. पाळीपाळीने एकाने सर व्हायचं. जो सर होईल त्याने मफलर घालायचा आणि घड्याळ आपटायचं. एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांनी निम्मं शिकायचं आणि निम्म्यांनी नाही, हे कसं जमणार, असं तिने मलाच विचारलं. शेजारणीची घागर! मी कपाळावर हात मारून घेतला. आईकडे बघितलं तर ती म्हणाली की तिला तर पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं, नाहीतर एवढे पोहे ती कुणासाठी पाठवत होती? मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, मला कुणी विचारलं?

आणि एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. ती मुलगी खोलीच्या पार मागे उभी होती, बाबा पार पुढे बसले होते, आणि बाबांनी एकदाही “काय?” म्हटलं नव्हतं.

मी सभेला समजावून सांगितलं की नीळ सगळ्याच बादल्यांत मिसळली, तर कुठला सदरा कशाने निळा झाला हे आता कुणाला कळणार? अध्यक्ष हुशार, त्यांनी लगेच विचारलं, म्हणजे वर्गाचा उपयोग होतो हे सिद्ध झालं का? खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, नाही. उपयोग होत नाही, हेही झालं नाही. प्रयोग पार फसला. पण ज्या पोरांना परीक्षेच्या धास्तीने जेवायला फुरसत नाही, ती आठवड्यातली एकुलती एक मोकळी दुपार एका वर्गाची नक्कल करण्यात घालवतात, तेव्हा त्यांना त्यातून काहीतरी मिळत असणार, एवढं कळायला मला कॉम्प्युटर लागत नाही.

अध्यक्षांनी हनुवटी खाजवली. मग त्या मुलीकडे बघून म्हणाले, “तुम्हीच सांगा. वर्ग चालू ठेवायचा की नाही?”

तिने हात मागे बांधले. “सर, या प्रश्नाला तीन बाजू आहेत.”

खोली हसून हसून कोसळली. ती थांबली, हसू ओसरू दिलं आणि अंगठा धरला. पहिली बाजू खर्चाची, म्हणाली. खोलीला भाडं लागतं, आणि गणपतीत गाणी ऐकावीत असं आम्हालाही वाटतं. मग तर्जनी धरली. दुसरी बाजू आमची. गावाकडे आम्हाला कुणी बोल म्हणत नाही, मुलींना तर गप्प बस एवढंच म्हणतात. इथे एक माणूस दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून येतो आणि म्हणतो, मोठ्याने बोल, मला ऐकायचंय. इथे ती गप्प झाली. आता ही खाली बसणार, असं सगळ्यांना वाटलं. बाबा खुर्चीच्या कडेला सरकले होते.

तिने मधलं बोट धरलं. “तिसरी बाजू आमच्या गच्चीवर आहे. सर तिथे कधी आलेच नाहीत. त्यांनी आज संध्याकाळी यावं, आणि मग ठरवावं.”

अध्यक्ष म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नाही, आणि सगळ्यात आधी त्यांचाच हात वर गेला. ऑर्केस्ट्रावाल्यांचेही गेले, जरा सावकाश. पुढच्या वर्षी सोडत काढायची तर मोठ्या रस्त्यापलीकडच्या सेक्टरमधली पोरं धरून काढू, जिथून घागर इथवर पोचणार नाही, असं मी म्हटलं. तिथेही गच्च्या आहेत, असं मागून कुणीतरी म्हणालं.

बाबांनी भर दुपारी दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. मफलर मात्र त्यांना मिळाला नाही, कारण तो सभेनंतर त्या मुलीने मागून नेला होता. आज सर व्हायची पाळी तिची होती.

आम्ही गच्चीवर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बाबांना खुर्ची देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि गुडघ्यांची कटकट ऐकवत सगळ्यांच्या मागे सतरंजीवर मांडी घातली. पुढे ती मुलगी, गळ्यात बाबांचा मफलर, हातात कुणाचं तरी घड्याळ. सोलापूरच्या मुलाला तिने उभं केलं, तो दोन मिनिटांच्या वर गेला तसं तिने घड्याळ विटेवर असं आपटलं की बाबा दचकले. स्वतःला असं समोर बघून त्यांना राग येईल, असं मला वाटलं होतं. ते डोळे पुसत हसत होते. मीही हसत होते, आणि डोळे माझेही कोरडे नव्हते, आता लपवून काय करायचंय.

मग बाबांनी हात वर केला.

“बोला सर,” ती म्हणाली, “पण दोन मिनिटांत.”

बाबा उभे राहिले. या प्रश्नाला तीन बाजू आहेत, म्हणाले, आणि साऱ्या गच्चीने आपापला अंगठा धरला. सूर्य काचेच्या इमारतीमागे गेला, रस्त्यावरचे दिवे लागले, तरी दुसरी बाजू चालूच होती. खालून आईने जेवायला दोनदा हाक मारली. घड्याळ त्या मुलीच्या हातातच होतं, ते तिने काही आपटलं नाही. आणि वर्गातलं, वर्गाबाहेरचं, एकही पोर जागचं उठलं नाही.